नवा स्मार्टफोन आणि मोबाइल प्लॅन कोणत्या क्रमाने निवडावा

फोन घेण्याचा सर्वसाधारण क्रम असा असतो की आधी एखादा हँडसेट मनात भरतो, मग तो कसा योग्य आहे याची कारणे जमवली जातात, आणि त्यात कोणते सिम घालायचे, रिचार्ज कोणता करायचा, हा प्रश्न बॉक्स उघडल्यावर पुढे येतो. हा क्रम उलटा करणे हिताचे ठरते. नेटवर्क कोणते चालते, डेटा किती लागतो आणि फोन किती वर्षे वापरायचा आहे, या तीन गोष्टी आधी निश्चित केल्या, तर बाजारातील बहुतेक मॉडेले आपोआप गळून पडतात आणि उरलेल्या चार-पाचांतून निवड करणे फारसे अवघड राहत नाही.

पहिली पायरी: जुन्या फोनचे नेमके काय बिघडले आहे ते पाहावे

‘फोन स्लो झाला’ या तक्रारीमागे अनेकदा भरत आलेले स्टोरेज किंवा थकलेली बॅटरी असते. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिला एका दमात जास्त वीज पुरवता येत नाही, आणि फोन अचानक बंद पडू नये म्हणून काही हँडसेट स्वतःहून प्रोसेसरचा वेग कमी करतात. अशा वेळी बॅटरी बदलली की तोच फोन पुन्हा पूर्ववत चालू लागतो. मात्र बॅटरीवर खर्च करण्यापूर्वी सेटिंग्जमध्ये जाऊन सुरक्षा अपडेट शेवटचे कधी आले ते पाहावे. ते येणे कायमचे बंद झाले असेल आणि त्याच फोनवरून बँकेचे व्यवहार होत असतील, तर नव्या बॅटरीने मूळ प्रश्न सुटत नाही आणि नवा फोन घेण्याचा निर्णय योग्य ठरतो.

दुसरी पायरी: स्वतःचा वापर मोजावा

आपल्याला किती डेटा लागतो, याचा बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण घरातील व कामाच्या ठिकाणच्या वाय-फायवर होणारा वापर आणि सिमवरून होणारा वापर डोक्यात एकत्र झालेला असतो. सेटिंग्जमधील डेटा वापराच्या पानावर सिमचा आकडा स्वतंत्र दिसतो. अँड्रॉइडमध्ये महिन्याची सुरुवात कोणत्या तारखेपासून मोजायची ते ठरवता येते. आयफोनमधील मोजणी मात्र आपोआप शून्यावर येत नाही, ती हाताने रीसेट करावी लागते, त्यामुळे तेथे दिसणारा अवाढव्य आकडा कित्येक महिन्यांचा असू शकतो. आकडा एका महिन्याचाच आहे याची खात्री करूनच पुढे जावे.

डेटा खाणारी मुख्य गोष्ट व्हिडिओ हीच असते. ५ एमबीपीएस (सेकंदाला ५ मेगाबिट) वेगाने तासभर माहिती येत राहिली, तर सुमारे सव्वादोन जीबी खर्च होतात. त्यापुढे संदेश, नकाशे, ईमेल आणि अ‍ॅपवरून केलेले साधे कॉल यांचा खर्च नगण्य असतो. प्रवासात व्हिडिओ पाहण्याची सवय आहे की नाही, या एकाच प्रश्नाच्या उत्तरावर लहान आणि मोठा प्लॅन यांतला निर्णय बहुतेक वेळा ठरतो.

तिसरी पायरी: नेटवर्क आपल्या जागेवर तपासावे

कोणती कंपनी सर्वांत चांगली, या प्रश्नाला तसे उत्तर नसते. आपण ज्या खोलीत झोपतो, ज्या जागी बसून काम करतो आणि रोज ज्या मार्गाने जातो, तेथे कोणते सिम चालते एवढाच प्रश्न खरा असतो. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी, उदाहरणार्थ ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या, दूरवर जातात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या ५जी लहरी भरपूर माहिती वाहून नेतात, पण त्यांचा पल्ला कमी असतो आणि जाड भिंतीपुढे त्या लवकर क्षीण होतात. रस्त्यावर झळकणारे ५जीचे चिन्ह घरात शिरताच नाहीसे होते, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. कंपन्यांनी प्रसिद्ध केलेले कव्हरेजचे नकाशे बहुधा गणिती अंदाजावर बेतलेले असतात, म्हणून ते पाहावेत, पण त्यांवर विसंबू नये.

त्याऐवजी शेजाऱ्यांना व सहकाऱ्यांना विचारावे, आणि शक्य असल्यास दुसऱ्या कंपनीचे कमी मुदतीचे प्रीपेड सिम किंवा ई-सिम (फोनमध्येच बसवलेले, कार्डाविना चालणारे सिम) घेऊन काही दिवस वापरून पाहावे. वेग तपासायचा तो संध्याकाळी, कारण टॉवरवर गर्दी तेव्हा जास्त असते. पहाटेच्या चाचणीत जवळपास प्रत्येक नेटवर्क उत्तमच दिसते. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस वेग पुरतो, त्यामुळे एका कंपनीचा वेग ८० आणि दुसरीचा २०० निघाला, तरी त्या फरकासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. संध्याकाळी वेग २ एमबीपीएसवर येत असेल, तर मात्र ती कंपनी यादीतून काढून टाकावी. घरात रेंजच मिळत नसेल पण वाय-फाय चांगले असेल, तर वाय-फाय कॉलिंगची सुविधा कंपनी देते का आणि आपला फोन ती वापरू शकतो का, हे दोन्ही विचारून घ्यावे.

चौथी पायरी: प्लॅनच्या अटी वाचाव्यात

‘अनलिमिटेड’ हा शब्द दिसला की खालची बारीक अक्षरे वाचणे भाग आहे. मर्यादा संपल्यावर अनेक प्लॅनमध्ये डेटा बंद होत नाही, तर त्याचा वेग उतरवला जातो आणि तो कधीकधी ६४ केबीपीएसपर्यंत खाली येतो. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने सेकंदाला ८ केबी. या वेगाने एक एमबी उतरायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो आणि ३ एमबीचे एक छायाचित्र सहा मिनिटे घेते. कागदावर सेवा चालू असते, वापरणाऱ्याच्या दृष्टीने ती बंदच असते.

मर्यादा रोजची आहे की महिन्याची, हेही पाहावे. रोजच्या मर्यादेत न वापरलेला डेटा बहुधा रात्री बाराला संपुष्टात येतो, त्यामुळे ज्यांचा वापर पाच दिवस वाय-फायवर आणि दोन दिवस बाहेर असा विषम असतो, त्यांना महिन्याच्या एकत्रित मर्यादेचा प्लॅन आकड्याने लहान दिसला तरी जास्त पुरतो. २८ दिवसांच्या मुदतीच्या प्लॅनची तुलना महिन्याच्या प्लॅनशी थेट करणे चुकीचे आहे, कारण वर्षात २८ दिवसांचे बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात. प्रत्येक प्लॅनची किंमत दिवसांनी भागून ३६५ने गुणावी आणि मगच दोन प्लॅन शेजारी ठेवावेत.

हॉटस्पॉटसाठी वेगळी मर्यादा असू शकते आणि रोमिंगचे दर स्वतंत्र असतात. सवलतीची किंमत किती महिन्यांपुरती आहे आणि करार मुदतीआधी मोडल्यास काय भरावे लागते, हेही विचारावे. स्वतःचे टॉवर नसलेल्या, मोठ्या कंपनीचे नेटवर्क भाड्याने घेऊन सेवा देणाऱ्या लहान कंपन्याही अनेक ठिकाणी असतात. त्यांचे दर बरेच कमी असतात, पण गर्दीच्या वेळी काही नेटवर्कवर त्यांच्या ग्राहकांचा डेटा मागे ठेवला जातो. ही तडजोड चालणारी असेल, तर माझ्या मते त्या निःसंकोच निवडाव्यात.

पाचवी पायरी: आता हँडसेटकडे वळावे

सर्वांत आधी अपडेटची अखेरची तारीख शोधावी. जाहिरातीत ही बाब क्वचितच ठळक असते, पण फोनचे आयुष्य तीच ठरवते. गूगलने २०२३मध्ये पिक्सेल ८ मालिकेसाठी आणि सॅमसंगने २०२४मध्ये गॅलेक्सी एस२४ मालिकेसाठी सात वर्षांच्या अपडेटची हमी दिली. स्वस्त मॉडेलांमध्ये मात्र ही मुदत दोन-तीन वर्षांचीही असू शकते. ही वर्षे मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात, ग्राहकाने ते विकत घेतल्यापासून नव्हे. चार वर्षे अपडेट मिळणारा फोन तो बाजारात आल्यानंतर दोन वर्षांनी घेतला, तर हाती दोनच वर्षे उरतात. म्हणून किमतीला उरलेल्या वर्षांनी भागावे. असे केले की सवलतीत मिळणारा जुना फोन अनेकदा नव्यापेक्षा महाग निघतो, आणि काही वेळा गेल्या वर्षीचे वरच्या श्रेणीतले मॉडेल या वर्षीच्या मधल्या श्रेणीतल्या मॉडेलपेक्षा स्वस्त पडते.

दुसरी गोष्ट नेटवर्कशी जुळण्याची. तिसऱ्या पायरीत निवडलेली कंपनी कोणत्या फ्रिक्वेन्सी बँडवर (लहरींच्या पट्ट्यांवर) सेवा देते आणि हँडसेट ते बँड पकडतो का, हे तपशीलपत्रकात ताडून पाहावे. परदेशातून आणलेल्या फोनच्या बाबतीत तर हे अनिवार्यच समजावे. ४जीवरून आवाजी कॉल करण्याची सोय, म्हणजे व्होल्टे, त्या कंपनीच्या नेटवर्कवर चालते का, हेही पाहावे. ऑस्ट्रेलियात २०२४च्या ऑक्टोबरअखेर ३जी सेवा संपली, तेव्हा डेटा ४जीवर व्यवस्थित चालत असूनही ज्यांवरून आणीबाणीचा कॉल व्होल्टेवर लागू शकत नव्हता, अशा हँडसेटना सेवा देणे कंपन्यांना थांबवावे लागले. जुनी नेटवर्के अनेक देशांत बंद होत असल्याने हा मुद्दा केवळ तांत्रिक राहिलेला नाही.

बॅटरीच्या बाबतीत एमएएचचा, म्हणजे तिच्या क्षमतेचा, आकडा एकटा पुरेसा नसतो. स्क्रीन आणि प्रोसेसर किती वीज ओढतात, यावर दिवस निघणार की नाही हे अवलंबून असते, म्हणून प्रत्यक्ष वापराच्या स्वतंत्र चाचण्या वाचाव्यात. टिकाऊपणासाठी चार्जिंगच्या किती फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता उरते, हा आकडा पाहावा. शून्य ते शंभर टक्के इतका एकूण वापर म्हणजे एक फेरी, मग तो दोन दिवसांत मिळून झाला तरी चालतो. युरोपीय संघात जून २०२५पासून किमान ८०० फेऱ्यांची अट लागू आहे, आणि तुलनेसाठी ती चांगली पट्टी आहे. बॅटरी बदलून मिळण्याची सोय आपल्या जवळपास आहे का, हे विक्रेत्याला आधीच विचारावे.

स्टोरेजबाबत काटकसर करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. खोक्यावरच्या आकड्यातून कार्यप्रणाली आणि आधीच घातलेली अ‍ॅप्स बरीच जागा घेतात, आणि मेमरी कार्डाची सोय नसलेल्या फोनमध्ये ही जागा नंतर वाढवता येत नाही. चार-पाच वर्षांचा विचार असेल, तर २५६ जीबी हा समंजस आकडा वाटतो. रॅमच्या, म्हणजे चालू कामासाठी वापरल्या जाणाऱ्या तात्पुरत्या मेमरीच्या, आकड्यापुढे ‘अधिक ८ जीबी’ असे लिहिलेले असेल, तर ती वाढीव रॅम स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते आणि खऱ्या रॅमइतकी वेगवान नसते. तुलना करताना ती वगळावी.

कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलचा आकडा तर सर्वांत फसवा. २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या छायाचित्रासाठी सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचेच चित्र देतो. सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या भागाचा) आकार आणि ओआयएस, म्हणजे हाताचा कंप भिंगाच्या हालचालीने सावरण्याची सोय, या गोष्टी अंधुक प्रकाशात खरा फरक पाडतात. मागे चार भिंगे दिसत असली आणि त्यांतली दोन २ मेगापिक्सेलची असली, तर ती संख्या वाढवण्यापुरतीच आहेत असे समजावे.

स्क्रीन उन्हात पाहून घ्यावी आणि फोन हातात धरून एका अंगठ्याने टाइप करून पाहावा. पाणीरोधक क्षमतेत आयपी६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास, आणि आयपी६८ची खोली व वेळ निर्माता स्वतः जाहीर करतो. या चाचण्या गोड्या पाण्यात होतात, आणि पाणी शिरून झालेले नुकसान बहुतेक वॉरंटींत धरले जात नाही. चार्जर सोबत मिळतो का, हे विचारावे.

सहावी पायरी: एकत्र हिशोब मांडावा

हँडसेटची किंमत, जितकी वर्षे वापरायचा तितक्या वर्षांचा प्लॅनचा खर्च आणि एकदा बॅटरी बदलण्याचा खर्च, या तिन्हींची बेरीज करून वर्षांनी भागावी. प्लॅनसोबत ‘मोफत’ किंवा नाममात्र किमतीत मिळणाऱ्या फोनचीही हीच परीक्षा घ्यावी: करारातील मासिक रकमेतून त्याच सुविधेच्या विनाफोन प्लॅनची रक्कम वजा करावी आणि उरलेल्या रकमेला करारातील महिन्यांनी गुणावे आणि फोनसाठी सुरुवातीला काही भरले असल्यास ते त्यात मिळवावे, म्हणजे ‘मोफत’ फोनची किंमत समोर येते. बिनव्याजी हप्त्यांतही रोखीवर मिळणारी सूट सोडावी लागते का, हे विचारावे. प्लॅनसोबत मिळालेला फोन त्या कंपनीच्याच सिमला बांधलेला असू शकतो. तो केव्हा आणि कोणत्या अटीवर मोकळा होतो, हे लेखी घ्यावे.

सातवी पायरी: खरेदी आणि बदल

पैसे देण्यापूर्वी परत करण्याची मुदत विचारावी. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे डायल केले की १५ अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या हँडसेटचा स्वतंत्र ओळख क्रमांक, दिसतो. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवावा. वापरलेला फोन घेत असल्यास तो चोरीचा म्हणून नोंदवलेला नाही ना, हे त्याच क्रमांकावरून तपासावे आणि आधीच्या मालकाचे खाते त्यातून काढलेले आहे याची समोरच खात्री करून घ्यावी, कारण ते खाते राहिल्यास फोन रीसेट करूनही उघडता येत नाही.

कंपनी बदलताना नंबर पोर्ट करावा, म्हणजे तोच नंबर नव्या कंपनीकडे न्यावा. जुने सिम आपणहून आधी बंद करू नये, कारण बंद झालेला नंबर पोर्ट होत नाही. जुना फोनही लगेच पुसून टाकू नये. बँकेची आणि ओटीपी तयार करणारी अ‍ॅप्स नव्या फोनवर चालू झाली, चॅट आणि छायाचित्रे आली, हे काही दिवस पडताळून पाहावे. त्यानंतर जुन्या फोनमधील गूगल किंवा अ‍ॅपल खात्यातून बाहेर पडावे, मग फॅक्टरी रीसेट करावे, आणि तो कोणाला देण्यापूर्वी सिम व मेमरी कार्ड काढून घ्यावे.