पाण्यात टेन्शन येतं? डोक्याला काम द्या

प्रॅक्टिसला मस्त पोहता पण कोणी स्टॉपवॉच काढलं की हात गळतात, किंवा खोल भागावरून जाताना मध्येच धडधड सुरू होते, असं होत असेल तर "पॉझिटिव्ह विचार कर" हा सल्ला सरळ सोडून द्या. घाबरलेल्या डोक्याला घाबरू नको म्हणून काही फरक पडत नाही, त्याला काहीतरी काम लावावं लागतं.

पहिलं काम श्वासाचं. टेन्शनमध्ये आपण नकळत पाण्याखाली श्वास धरून ठेवतो, मग तोंड बाहेर आलं की तेवढ्या क्षणात सोडायचा पण आणि घ्यायचा पण अशी धांदल होते, आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि जीव गुदमरतो तो मुख्यतः त्याच्यामुळे, ऑक्सिजन संपला म्हणून नाही. डोक्याला मात्र वाटतं आपण बुडतोय. उपाय साधा आहे. कमरेएवढ्या पाण्यात कडेला धरून उभं राहा, तोंड पाण्यात घाला आणि ओठ मिटून "हंऽऽऽ" असा आवाज काढत राहा, नाकातून बुडबुडे आपोआप येतात आणि आवाज तुटला की कळतं श्वास अडला. हे कंटाळा येईपर्यंत करा (खरंच, कंटाळा आला म्हणजे भीती गेली) आणि मगच पोहायला सुरुवात करा.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. पाण्यात डोकं घालायच्या आधी धडाधड मोठे श्वास घेऊ नका आणि एकट्याने श्वास रोखायची प्रॅक्टिस तर नकोच. धडाधड श्वासांनी शरीरातला कार्बन डायऑक्साइड इतका खाली जातो की श्वास घ्यायची इच्छाच उशिरा होते, आणि माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडू शकतो.

पाणी गार असेल तर पहिल्या मिनिटात धाप लागणं हे शरीराचं काम आहे, तुमच्या हिमतीचा त्यात काही संबंध नाही. तोंडावर पाणी मारून हळूहळू उतरा.

मध्येच घाबरलात तर काय, हे आधीच ठरलेलं हवं. पाठीवर वळायचं, कान पाण्यात, हात पसरून, नजर वर आणि लांब श्वास सोडत राहायचं. हे भीती वाटत नसताना, कोच जवळ असताना इतक्या वेळा करून ठेवा की वेळ आल्यावर आठवावं लागणार नाही.

आता मोजणं. बॅकस्ट्रोकला (पाठीवर पोहताना) डोकं भिंतीवर आपटेल म्हणून शेवटी हळू होणारे खूप जण असतात, त्यांच्यासाठी भिंतीच्या 5 मीटर आधी वर झेंड्यांची दोरी असते, तिथून भिंतीपर्यंत आपले किती स्ट्रोक होतात ते मोजून ठेवलं की झालं. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकला 200 मीटर बटरफ्लायच्या फायनलमध्ये मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी भरलं, त्याला नीट दिसत नव्हतं, तो स्ट्रोक मोजत पोहला आणि 1 मिनिट 52.03 सेकंदात वर्ल्ड रेकॉर्डसकट गोल्ड घेऊन गेला. कोच बॉब बोमननी त्याला रेस मनात बघायची सवय आधीपासून लावलेली, आणि त्यात फक्त जिंकणं नसायचं, काय काय बिघडू शकतं तेही असायचं.

आपणही रात्री डोळे मिटून तेच करायचं, पण खऱ्या स्पीडने, म्हणजे 50 मीटरला तुम्हाला एक मिनिट लागत असेल तर मनातही तेवढंच लागलं पाहिजे. एकदा सगळं नीट झालेलं बघा, एकदा टर्न चुकलेला, एकदा तोंडात पाणी गेलेलं, आणि प्रत्येक वेळी पुढे काय करणार तेही बघा.

स्पर्धेच्या दिवशी पोटात गोळा येणारच, त्याला घालवायच्या मागे लागू नका, "बॉडी तयार होतेय" म्हणा आणि शेजारच्या लेनमधल्याचे खांदे बघणं बंद करा. पहिल्या लॅपसाठी टायमिंग नाही, एकच काम ठरवा, उदाहरणार्थ बुडबुडे तुटू द्यायचे नाहीत.

हे सगळं करूनही पूलच्या दारातच घाम फुटत असेल आणि आठवडे गेले तरी कमी होत नसेल तर कोचला स्पष्ट सांगा आणि काउन्सेलरकडे जा, पाण्याच्या भीतीवर थोडं थोडं सामोरं जायची पद्धत ते व्यवस्थित शिकवतात.