खान्देशच्या स्वयंपाकघरांत शिकताना: नव्या अभ्यासकांसाठी काही अनुभव

खाद्यसंस्कृतीचा अभ्यास करायला खान्देशात प्रथमच येणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत बहुधा एक तक्ता आधीच आखलेला असतो: पदार्थाचे नाव, साहित्य, प्रमाण, कृती, लागणारा वेळ. तक्ता असावा, पण त्यातला प्रत्येक रकाना भरलाच पाहिजे आणि तोही अचूक भरला पाहिजे, हा हट्ट लवकर सोडावा, असे मी आग्रहाने सांगेन. पदव्युत्तर अभ्यासासाठी मी हे काम हाती घेतले, पुढे तेच माझे कार्यक्षेत्र झाले, आणि या काळात मला जे काही समजले त्यातले बरेचसे त्या रकान्यांच्या बाहेरच सापडले.

पहिला अडथळा येतो तो ‘अस्सल’ या कल्पनेचा. शेवभाजी अस्सल कुठली, भरताची खरी पद्धत कोणती, असे प्रश्न घेऊन गावोगाव फिरणारा अभ्यासक लवकरच थकतो, कारण खान्देश म्हणजे एकच एक स्वयंपाकघर नव्हे. फारुकी सुलतानांच्या काळात या प्रदेशाची राजधानी बुऱ्हाणपूर होती, जे आज मध्य प्रदेशात आहे. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर हा सुभा मोगलांकडे गेला. 1906 मध्ये इंग्रजांनी पूर्व आणि पश्चिम खान्देश असे दोन जिल्हे केले, आणि 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. पश्चिमेला गुजरात, उत्तरेला सातपुडा, मध्ये तापीचे काळे रान, अशा मुलखात यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यातील लेवा पाटीदार घर, धुळ्याकडचे अहिराणी बोलणारे घर आणि नंदुरबारकडच्या अक्राणीच्या डोंगरातले पावरा आदिवासींचे घर यांच्या चुलींवर एकच चव शोधणे व्यर्थ आहे. भरताचेच पाहा. जळगावच्या भरताच्या वांग्यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी ती पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) किंवा तुराट्यांवर (तुरीच्या काड्यांवर) भाजून लाकडी बडगीत ठेचल्यानंतर त्यात शेंगदाणे घालायचे की नाही, खोबऱ्याचे काप हवेत की नकोत, पातीचा कांदा कच्चा ठेवायचा की फोडणीत परतायचा, यावर दोन शेजारणींचेही एकमत होत नाही. हा मतभेद मिटवण्याच्या मागे लागू नका, तो जसाच्या तसा लिहून घ्या. कोण कुणाच्या माहेरची पद्धत चालवते, कोणत्या घराने ती सोडली आणि का सोडली, हे त्या मतभेदातूनच कळते.

प्रमाणाच्या बाबतीतही हेच. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळतात. चार भाग ज्वारीला एक भाग उडीद, असे प्रमाण सर्वसाधारणपणे सांगितले जाते, पण प्रत्यक्षात उडदाचे पीक कसे आले आणि घरात दातांनी अधू कोण आहे, यावर ते बदलते. वजनकाटा पिशवीत ठेवायला हरकत नाही. मात्र आधी मूठ, वाटी, शेर, पायली ही मापे ज्या तोंडून आली त्याच रूपात नोंदवावीत, आणि ग्रॅममधले रूपांतर नंतर, परवानगी घेऊन करावे. काटा समोर आला की बाईचा हात आखडतो आणि रोजचा अंदाज हरवतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

नव्या अभ्यासकाच्या सहसा ध्यानात न येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे, परिपूर्णतेचा ताण फक्त आपल्यालाच नसतो, यजमानीणबाईंनाही तो तितकाच असतो. शहरातून कुणी लिहून घ्यायला येणार म्हटल्यावर घरात गव्हाची पोळी होते, पुरण शिजते, आणि सकाळची ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी झाकून आत ठेवली जाते. त्या दिवशी तुम्ही जेवता ते पाहुण्याचे ताट असते. ते आनंदाने जेवावे, मनापासून दाद द्यावी, पण अभ्यास तिथे संपला असे समजू नये. पुन्हा जावे, न सांगता नव्हे, तर ‘काकू, येताना भाजी मी आणते, तुम्ही वेगळे काही करू नका’ असे आधी सांगून जावे. दोन-तीन भेटींनंतर ‘बठ, खाई ले’ एवढ्या दोन शब्दांत समोर शिळ्या भाकरीचा फोडणीचा कुस्करा येतो, सोबत तेलात परतलेला ठेचा येतो, आणि मग बोलणेही वेगळे होते. माझ्या मते खरी नोंद इथून सुरू होते.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी एका घरी खापरावरचे मांडे पाहत बसले होते. चुलीवर मातीचे खापर पालथे घातलेले होते आणि शेजारच्या परातीत भिजवून, तिंबून तारेसारखी झालेली कणीक होती. बाईंनी पुरण भरलेला गोळा थोडा लाटला, मग दोन्ही हातांवर घेतला, आणि तो पंजांवरून मनगटांकडे, मनगटांवरून कोपरांकडे फिरवत इतका वाढवला की त्यातून पलीकडचा जाळ दिसू लागला. एक मांडा खापरावर पडता पडता कडेने फाटला. त्यांनी उलथण्याने ती कड आत वळवली, भाजला, घडी घालून दारात बसलेल्या नातवाच्या हातात दिला आणि पुढचा गोळा घेतला. या सगळ्यात सासू-सुनांच्या कामाच्या वाटणीबद्दल चाललेले त्यांचे बोलणे क्षणभरही थांबले नाही. माझ्या टिपणात त्या दिवशी कृतीपेक्षा ते बोलणे अधिक उतरले, आणि प्रबंधातील एक संपूर्ण प्रकरण त्यावरच उभे राहिले.

सणावाराबरोबर अभावाचेही विचारावे. 1972 च्या दुष्काळाची आठवण असलेली माणसे अजून गावागावात आहेत. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी कशी लागत असे, रोजगार हमीच्या कामांवर सुकडी हा पौष्टिक कोरडा खाऊ कसा वाटला जाई, हे ती सांगतात, पण आपण विचारले तरच. डोंगरातल्या पाड्यांवर मोहाची फुले, भगर आणि उन्हाळ्यात कैऱ्या चिरून वाळवलेला आमचूर हे पोटाचे आणि बाजाराचे एकत्र हिशेब आहेत. त्यांच्याकडे केवळ ‘पारंपरिक पदार्थ’ म्हणून पाहिले तर अर्धी गोष्ट निसटते. होळीपूर्वी भरणाऱ्या आदिवासींच्या भोंगऱ्या बाजारात गूळ, डाळ्या आणि साखरेचे हारकडे (साखरेच्या गाठींचे हार आणि कडी) का विकत घेतात, हे धडगावच्या गर्दीत उभे राहूनच उमगते.

काही रकाने मात्र रिकामेच ठेवायचे असतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई या खान्देशी देवीची स्थापना होते, आणि अनेक घराण्यांत घरातील प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेऊन रोट केले जातात. हे रोट भाऊबंदांतच खायचे असतात, बाहेरच्याला देत नाहीत. ‘चव: नोंद उपलब्ध नाही’ असे लिहिल्याने अभ्यास उणा ठरत नाही. उलट, हा पदार्थ कुणाचा आहे आणि कुणाचा नाही, हीच त्याची सर्वांत महत्त्वाची माहिती आहे. मार्गदर्शकांनी आग्रह धरला तरीही इथे तडजोड करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हीच काळजी जातींच्या आणि शाकाहार-मांसाहाराच्या प्रश्नांतही घ्यावी.

शेवटी लिखाणाबद्दल. टिपण त्याच रात्री लिहावे, अहिराणी किंवा लेवा बोलीतील शब्दांच्या ऱ्हस्वदीर्घावर अडून राहू नये, आणि कच्चा मसुदा हातात आला की तो घेऊन त्याच घरी परत जावे. मोकळ्या मुलाखतीत ज्या बाई ‘त्यात काय सांगायचे, सगळेच करतात’ म्हणतात, त्याच आपले म्हणणे कागदावरून मोठ्याने वाचलेले ऐकले की मध्येच थांबवतात आणि दुरुस्त्या सांगू लागतात: बिबड्यांची (ज्वारीच्या पापडांची) ज्वारी एक दिवस नाही, चांगली तीन दिवस भिजते, लसूण शेवटी पडतो, आणि हे काम एकटीचे नाही, गल्लीतल्या चौघी लागतात. निर्दोष दिसणाऱ्या छापील प्रबंधापुढे त्या असे बोलत नाहीत, म्हणून खाडाखोड असलेले कागदच न्यावेत, समासात भरपूर जागा सोडावी, आणि बिबड्यांचे काम चालू असेल अशा चैत्र-वैशाखातल्या सकाळी जावे, म्हणजे वाचता वाचता आपलेही हात कामाला लागतात.