डॉसच्या जुन्या पीसीवर सन आरपीसी चढवायचं असेल तर

बेळगावच्या उद्यमबागेत ओळखीच्या एका वर्कशॉपात ४८६ (जुना इंटेल पीसी) हाय, डॉसवर, मशीनला जोडलेला, मालक म्हणतो तो हलवायचा नाही आणि जॉबचे आकडे मात्र ऑफिसातल्या लिनक्सवरून तिथं दिसायला पाहिजेत. म्हणून सनचं आरपीसी, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन नेटवर्कवरून बोलवायचा कोड, डॉसवर आणलं.

पहिलं म्हणजे फक्त क्लायंट (मागणी करणारी बाजू) आणा. डॉसवर फोर्कच (चालू प्रोग्रॅमची दुसरी प्रत काढणं) नाही, सर्व्हरच्या नादाला लागूच नका. एनई२००० नेटवर्क कार्ड, त्याचा पॅकेट ड्रायव्हर, वर वॅट-३२ ही डॉसची टीसीपी/आयपी लायब्ररी, कंपायलर ओपन वॉटकॉम, मेमरी मॉडेल लार्ज. लिनक्सला पिंग जाईपर्यंत पुढं जाऊ नका.

सोर्सच्या फायलींची नावं लिनक्सवरच छोटी करून घ्या. पीमॅप_गेटपोर्ट आणि पीमॅप_गेटमॅप्स, दोन्हींची पहिली आठ अक्षरं सारखीच, डॉस तेवढीच ठेवतो. अनझिप करताना ओव्हरराइट करू का विचारलं, मी वाय दाबून मोकळा, मग लिंकर गेटपोर्ट सापडत नाही म्हणून अर्धा दिवस बोंबलत होता.

खरी गोम इंटची. सोळा बिटच्या डॉसवर इंट दोन बाइटचा, लाँग चारचा. सनच्या कोडात एक्सडीआर_इंट (इंट वायरवर पाठवणारं-वाचणारं फंक्शन) आधी बघतं इंट आणि लाँग सारखे आहेत काय, नसले तर गुपचूप शॉर्टकडं वळतं. वायरवर चार बाइटच जातात, म्हणून एरर काही येत नाही, फक्त ४०००० पाठवलं की इकडं -२५५३६ दिसतं! त्यामुळं डॉट एक्स फायलीत (आरपीसीच्या फंक्शनांचं वर्णन असलेली फाइल) इंटच्या जागी लाँग लिहा, आणि आरपीसीजेन (त्यातून सी कोड बनवणारं टूल) लिनक्सवरच चालवून तयार सी फायली इकडं आणा. लिनक्सच्या सी लायब्ररीतून, ग्लिबसी २.३२ पासून, सन आरपीसी काढलंय, तिथं त्याच्या जागी लिबटीआयआरपीसी लायब्ररी घ्यावी लागते.

दुसरं, कोड जुन्या पद्धतीचा, प्रोटोटाइप (फंक्शन काय घेतं-देतं याची आधी घोषणा) नाहीत. एचटूएनएल (htonl, लाँगचे बाइट नेटवर्कच्या क्रमात लावणारं) याचा हेडर राहिला तर कंपायलर समजतो इंट परत येतोय, वरचे सोळा बिट गेले. वॉर्निंग सगळ्या चालू ठेवा, एकही सोडू नका.

ओळख पटवणं बंद, म्हणजे ऑथ नन ठेवा, युनिक्सवालं ऑथ युजर आयडी मागतं, डॉसकडं तो कुठला. शेवटी लिनक्सवर आरपीसीइन्फो मायनस पी मारून तुमचा प्रोग्रॅम नंबर लागलाय का बघा, फायरवॉलमधे यूडीपी १११ (पोर्ट कुठला ते सांगणाऱ्या पोर्टमॅपरचा) उघडा आणि त्या यादीत तुमच्या प्रोग्रॅमपुढं जो पोर्ट दिसतो तोही, नाहीतर पोर्ट नंबर मिळतो आणि पुढं नुसता टाइमआउट.