निकालावरून धमकी आल्यास फिर्याद कशी लिहावी

विधानसभेचा किंवा लोकसभेचा निकाल एकदा जाहीर झाला की तो बदलणे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात राहत नाही. त्याला आव्हान द्यायचे तर 45 दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते. तरीही पराभवाचा राग मतमोजणीच्या कर्मचाऱ्यांवर निघतो, आणि "निवडणूक संपली, आता विषय वाढवू नका" असे त्यांना सांगितले जाते. हा सल्ला मुळीच ऐकू नये.

घडलेला प्रकार त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवून पोच घ्यावी. धमकीचे संदेश पुसू नयेत आणि मूळ फोन जपून ठेवावा, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार द्यायचे प्रमाणपत्र पुढे लागते.

खरी कसोटी फिर्याद लिहिताना लागते. मलाही सुरुवातीला हाच टप्पा अवघड गेला होता. "मला शिवीगाळ करून धमकी दिली" एवढ्याच वाक्यावर बहुतेक वेळा अदखलपात्र नोंद होते, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. लोकसेवकाला धमकी देण्यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 224 मध्ये 2 वर्षांपर्यंत कैद आहे. परंतु ती धमकी एखादे सरकारी काम करवून घेण्यासाठी, रोखण्यासाठी किंवा लांबवण्यासाठी दिलेली असावी लागते. म्हणून "फेरमोजणी कर, नाहीतर घरी पोहोचू देणार नाही" असे कोणी म्हटले असेल, तर त्यातील मागणीही जशीच्या तशी लिहावी. निव्वळ सूड म्हणून निकालानंतर दिलेली धमकी या कलमात बसत नाही. तिथे त्याच संहितेचे धमकीबद्दलचे सर्वसाधारण कलम 351 लागू पडते आणि ठार मारण्याची धमकी असल्यास शिक्षा 7 वर्षांपर्यंत जाते. शिक्षा एवढी मोठी असली, तरी फौजदारी कार्यपद्धतीच्या केंद्रीय कायद्याच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) परिशिष्टात हा गुन्हासुद्धा अदखलपात्रच आहे, हे पुष्कळ जणांना ठाऊक नसते.

म्हणून हालचालींचे वर्णन गाळू नये, असे माझे ठाम मत आहे. नुसते शब्द म्हणजे हल्ला नव्हे, पण शब्दांसोबत मूठ उगारली, खुर्ची उचलली किंवा अंगावर धावून आल्याने आता मार बसणार अशी भीती वाटली, तर कायद्याने तो हल्ला ठरतो. लोकसेवकावरील हल्ल्याचे कलम 132 त्यावरच उभे आहे, ते दखलपात्र आहे आणि केलेल्या कर्तव्याचा सूड म्हणून नंतर झालेल्या हल्ल्यालाही लागू पडते. एक गुन्हा दखलपात्र ठरला की सोबतच्या अदखलपात्र गुन्ह्यांचाही तपास होतो. मात्र न घडलेली हालचाल कधीही लिहू नये. उलटतपासणीत एक खोटे वाक्य सगळी फिर्याद पाडते.

फिर्याद इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवल्यास 3 दिवसांत सही करावी. गुन्हा नोंदला गेल्यास प्रत मोफत मिळते. दखलपात्र गुन्हा असूनही नोंद नाकारली, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे आणि त्यानंतरही काही न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. अदखलपात्र नोंद झालेली असल्यास तपासाच्या आदेशासाठीही त्यांच्याकडेच जावे आणि अर्जासोबत वरिष्ठांकडची पोच जोडावी.