मॅक किंवा लिनक्स आहे म्हणून निर्धास्त राहू नका
विंडोजवर व्हायरस जास्त, कारण जगातले बहुतेक डेस्कटॉप त्याच्यावर चालतात आणि खिसेकापू गर्दीतच शिरतो. पण मॅकही अभेद्य नाही: 2012 मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या घातक प्रोग्रामने सुमारे 6 लाख मॅक पोखरले. खरा फरक पडतो अपडेटने. मे 2017 मध्ये फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्रायने विंडोजवर धुमाकूळ घातला, तेव्हा त्याची वाट बंद करणारा मायक्रोसॉफ्टचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्चमध्येच आलेला होता! म्हणून सिस्टीम कुठलीही असो, अपडेट आपोआप होऊ द्या आणि रोजच्या कामाला अ‍ॅडमिन नसलेलं साधं खातं वापरा. मध्येच पासवर्ड मागणारी खिडकी उघडली, तर आत्ता आपण नेमकं काय इन्स्टॉल करतोय ते आठवा; आठवत नसेल तर सरळ 'कॅन्सल' दाबा. लिनक्सवरही कुठून तरी कॉपी केलेली सुडो कमांड (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालणारी) न वाचता टर्मिनलमध्ये चिकटवू नका.