कुस्कोत बिऱ्हाड करताना

पेरू देशातल्या कुस्कोला पोचल्यावर पहिले दोन दिवस सामानसुद्धा लावू नका. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटरवर आहे. एक जिना चढलात तरी धाप लागेल, रात्री डोकं ठणकेल. याला इथे 'सोरोचे' म्हणतात. घरमालकीण कोकाच्या पानांचा किंवा 'मुन्या' या पुदिन्यासारख्या डोंगरी पाल्याचा चहा देईल, तो सावकाश प्या. पेरूत कोकाची पानं राजरोस विकतात, पण देशाबाहेर जाताना एकही पान बॅगेत राहू देऊ नका. त्रास वाढतच गेला तर डॉक्टर गाठा आणि खाली उरुबांबाच्या खोऱ्यात उतरा.

प्रेशर कुकर मात्र घरूनच आणा. इथे पाणी ८८-८९ अंशांनाच उकळतं, साध्या पातेल्यात तूरडाळ दिवसभर शिजत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. पहिल्याच आठवड्यात मी शेजारच्या आजींना विचारलं होतं, "इंका लोक कधी नामशेष झाले?" त्या बटाटे सोलत होत्या. सुरी थांबवून म्हणाल्या, "मग मी कोण?" तो प्रश्न माझ्या मनातून आजही गेलेला नाही. 'इंका' हे खरं तर स्पॅनिश येण्याआधी इथे राज्य करणाऱ्या राजाचं आणि राजकुळाचं नाव. सामान्य माणूस म्हणजे 'रुना', आणि त्याची बोली 'रुनासिमी', म्हणजे माणसांची भाषा. आपण तिला केचुआ म्हणतो. १५३३मध्ये स्पॅनिश फौज या शहरात शिरली, १५७२मध्ये शेवटचा इंका तुपाक अमारू याला इथल्याच चौकात मारलं. राज्य गेलं, माणसं राहिली. १७८०मध्ये त्याच नावाच्या दुसऱ्या तुपाक अमारूने स्पॅनिशांविरुद्ध केलेल्या उठावानंतर त्यांची भाषा आणि पोशाखही दडपले गेले. केचुआला राजभाषेचा दर्जा मिळायला १९७५ साल उजाडलं. म्हणून कुणालाही 'इंदियो' म्हणू नका, ती शिवी आहे. 'काम्पेसिनो' म्हणा, म्हणजे शेतकरी. बाजारात 'अलिल्यांचु', बरं आहे ना, एवढं विचारलंत तरी समोरचा चेहरा खुलतो.

बाजारात विकणारी आणि घेणारे एकमेकांना 'कासेरा', 'कासेरिता' म्हणतात. एकाच बाईकडे नेमाने जा. मग वजन झाल्यावर 'यापा' मागायचा हक्क मिळतो, म्हणजे वरचे दोन बटाटे किंवा मूठभर शेंगा. शब्द केचुआतलाच, भर घालणे या अर्थाचा.

बटाट्याला इथे 'पापा' म्हणतात. कुस्कोजवळच्या पिसाकच्या वरच्या गावांत हजाराहून अधिक जाती अजून लावतात. एका खडबडीत, गाठीगाठींच्या जातीचं नाव आहे 'सुनेला रडवणारा'. सासू म्हणे नव्या सुनेला तोच सोलायला देई. हे ऐकून माझ्या आईला फोनवर हसू आवरेना.

जून-जुलैच्या कडाक्याच्या थंडीत 'चुन्यो' होतो. बटाटे रात्री उघड्यावर गारठवायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचं, उन्हात वाळवायचे. आपली वाळवणं चैत्र-वैशाखाच्या उन्हात, इथली गोठवणाऱ्या रात्रींत. नीट झालेला चुन्यो वर्षानुवर्षं टिकतो. इंकांची कोठारं अशाच शिध्याने भरलेली असत, ओयांतायताम्बोच्या डोंगरउतारावर ती अजून दिसतात. करताना रात्रभर भिजत घाला. पहिल्यांदा चव मातकट लागेल, तिसऱ्यांदा आवडेल.

'किविचा' ओळखीचाच वाटेल, तो राजगिऱ्याच्या कुळातला. लाह्यांच्या वड्या मिळतात, एकादशीची सोय होते. किन्वा मात्र फेस जाईपर्यंत चोळून धुवा, नाहीतर कडू लागतो.

शाकाहारी असाल तर नीट विचारा. 'मांस नको' म्हटलं तरी कोंबडी येऊ शकते, आणि सूप बहुधा हाडांच्या पाण्यातलंच असतं. सणाला 'कुय', म्हणजे गिनीपिग, भाजतात. नको असेल तर हात जोडून नाही म्हणा, पण तोंड वाकडं करू नका. यजमानांनी तो खास तुमच्यासाठी घरचा कापलेला असतो.

आणि 'उचुकुता' शिका. रोकोतो मिरची, शेंगदाणे, चीज आणि झेंडूच्या कुळातला उग्र वासाचा 'वाकाताय' पाला एकत्र वाटतात. पाटा आपल्यासारखाच, फक्त वरवंटा चंद्रकोरीसारखा. तो पुढे-मागे ओढायचा नाही, डोलवायचा.

शेतावर बोलावलं तर जरूर जा. इथल्या 'आयनी'ला आपल्याकडे सावड म्हणतात: आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. दुपारी मका आंबवून केलेली 'चिचा' फिरते. पेला हाती आला की आधी चार थेंब जमिनीवर सांडा, पाचामामासाठी, धरतीआईसाठी. जेवणाआधी चित्राहुती घालणारे आजोबा ज्यांनी पाहिलेत त्यांना हे शिकवावं लागत नाही.

ऑगस्टच्या १ तारखेला त्याच धरतीला नैवेद्य पुरतात. त्या दिवशी कुणी बोलावलं तर कॅमेरा घरी ठेवा आणि कोकाची निवडलेली, न फाटलेली पानं घेऊन जा. तीन-तीन पानं जुळवून हातात कशी धरायची ते शेजारी बसलेली कुणीतरी दाखवेल.