टॅटूची तयारी: आधी शैली ठरवावी, मग चित्र

टॅटू काढून घ्यायचे मनात आले की बहुतेक जण आधी चित्र शोधू लागतात, मोबाइलमध्ये पाच-पन्नास चित्रे साठवतात आणि त्यांतले मनात भरलेले एक घेऊन थेट स्टुडिओत जातात. हा क्रम उलटा असायला हवा. रेषा किती जाड असावी, छटा कशा भराव्यात, रंग किती वापरावेत आणि मधली कातडी किती मोकळी ठेवावी या सगळ्याचे उत्तर शैलीत असते. टॅटू केवढा, शरीराच्या कोणत्या भागावर, किती बैठकांत आणि किती खर्चात होणार, हे त्यावरून ठरते आणि पंधरा वर्षांनी तो कसा दिसेल हेही बरेचसे त्यावरच अवलंबून असते. म्हणून सातारा जिल्ह्यात राहून पहिला टॅटू काढून घेऊ इच्छिणाऱ्याने करायच्या तयारीची ही मांडणी शैलीच्या अंगाने केली आहे.

तरीही शैलीच्याही आधी एक गोष्ट तपासली पाहिजे, आणि आपल्या जिल्ह्यात ती टाळून चालणारच नाही. अपशिंगे मिलिटरीसारखे सैनिकांचे गाव आणि १९६१ पासूनचे सैनिक स्कूल असलेल्या या जिल्ह्यात पहाटे भरतीसाठी धावणारी मुले गावोगाव दिसतात. भारतीय सैन्याच्या भरतीत कायमचा टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या मागच्या बाजूलाच चालतो. आदिवासी समाजातील उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत हात डावाच, म्हणजे सलामी न देणारा, लागतो आणि टॅटू त्या भागाच्या पाव हिश्शाहून लहान असावा लागतो. दंडावरच्या किंवा मानेवरच्या टॅटूमुळे वैद्यकीय चाचणीत बाद होण्याची वेळ येऊ शकते, म्हणून भरतीचा विचार असेल तर चालू जाहिरातीतील अट वाचावी आणि निवड होईपर्यंत सुईच्या वाटेला जाऊ नये. वय १८ पूर्ण झालेले असावे. नियमित रक्तदान करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की टॅटूनंतर एक वर्ष रक्त देता येत नाही, त्यामुळे शिवजयंतीच्या शिबिराला जायचे असेल तर तारखांचा मेळ आधीच घालावा.

आता शैलींकडे येऊ. आपल्याकडे सर्वांत जुनी अर्थातच गोंदण. आजीच्या हनुवटीवरचा ठिपका, कपाळावरची खूण, हातावरची तुळस किंवा विंचू हे सगळे काजळीच्या काळ्या रंगात आणि मोजक्या रेषांत काढलेले असे, आणि कातडीखाली गेल्यावर तो काळा रंग हिरवट-निळा दिसू लागे. या गोंदणाची घडण हल्ली पुन्हा आवडू लागली आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. मात्र आजीच्या हातावरची खूण उतरवून घ्यायची असेल तर तयारी घरातच होते. दिवसाच्या उजेडात हाताचा सरळ फोटो काढावा, कोणती खूण कशाची हे तिलाच विचारावे आणि पसरलेल्या रेषा मूळ कशा होत्या ते तिच्याकडूनच कागदावर काढून घ्यावे. जत्रेत एकाच सुईने आणि एकाच डबीतल्या शाईने ओळीने सगळ्यांना गोंदून देणाऱ्याकडे मात्र अजिबात जाऊ नये, कारण कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही हे तिन्ही संसर्ग अशा सुईतून पसरू शकतात.

ओल्ड स्कूल किंवा अमेरिकन ट्रॅडिशनल या शैलीची ओळख ठसठशीत काळ्या बाह्यरेषेवरून पटते. आत लाल, पिवळा, हिरवा असे मोजके सपाट रंग असतात, आणि विषय नांगर, गुलाब, खंजीर, पाकोळी असे खलाशांच्या आयुष्यातले. सॅम्युअल ओरायली यांनी न्यूयॉर्कमध्ये १८९१ साली विजेवर चालणाऱ्या टॅटू यंत्राचे पेटंट घेतले आणि काम वेगाने होऊ लागले. पुढे होनोलुलूत ‘सेलर जेरी’ या नावाने ओळखले गेलेले नॉर्मन कॉलिन्स (१९११–१९७३) यांनी ही शैली मोठ्या निगुतीने घडवली. वर्षे गेली तरी ही शैली वाचता येते, कारण रेषा पसरायला तिच्यात जागा ठेवलेली असते. ज्यांचा हात दिवसभर उन्हात असतो, मग ते माण-खटावचे शेतकरी असोत की दुचाकीवर फिरणारे विक्रेते, त्यांनी या शैलीचा विचार अवश्य करावा.

जपानी शैलीला घाईने हात घालू नये. तिच्यात ड्रॅगन, कोई मासा किंवा पिओनीचे फूल एकटे नसते. भोवतीच्या लाटा, वारा आणि ढग यांच्या पार्श्वभूमीने पूर्ण दंड, पाठ किंवा मांडी एकाच चित्रात बांधली जाते. उकियो-ए या लाकडी ठशांच्या चित्रपरंपरेशी तिचे नाते आहे. १८७२ साली जपान सरकारने टॅटूवर घातलेली बंदी १९४८ मध्ये उठली, तोवरही ही कला चोरून जगली, आणि काठीला बांधलेल्या सुयांनी हाताने गोंदायची तेबोरी पद्धत आजही तिथे टिकून आहे. ही शैली निवडणाऱ्याने कित्येक महिन्यांच्या बैठकांची आणि त्या खर्चाची तयारी ठेवावी. छोटा कोई मासा मनगटावर काढून घेतला तर ते चित्र जपानी विषयाचे होईल, त्याला जपानी शैली म्हणता येणार नाही.

ज्याला सरसकट ‘ट्रायबल’ म्हटले जाते त्याची बरीचशी मुळे पॉलिनेशियातील बेटांत आहेत. सामोआतील पुरुषांचा कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा पेआ आणि न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा मोको यांत काळ्या भरीव आकारांमधली मोकळी जागाही तितकीच बोलते. मोकोत त्या व्यक्तीचे कूळ आणि स्थान सांगितलेले असते. दुसऱ्याची वंशावळ आपल्या अंगावर मिरवण्यात काय अर्थ आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. काळ्या रंगाची ओढच असेल तर फक्त काळ्या शाईत भरीव आकार काढणारे ब्लॅकवर्क, ठिपक्यांनी छटा भरणारे डॉटवर्क किंवा मंडल हे पर्याय आहेत. मंडलासाठी सपाट जागा आणि अचूक मध्यबिंदू लागतो, म्हणून स्टेन्सिल, म्हणजे गोंदण्याआधी कातडीवर उमटवायचा चित्राचा ठसा, लावल्यावर हात खाली सोडून, नेहमीसारखे उभे राहून, आरशात पाहण्याचा आग्रह धरावा. खुर्चीवर हात वळवून गोल दिसणारे वर्तुळ उभे राहिल्यावर लांबट दिसते.

बारीक रेषेची फाइन लाइन आणि फक्त काळ्या-करड्या छटांची ब्लॅक अँड ग्रे या दोन्ही शैलींना आजचे रूप प्रामुख्याने अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या चिकानो लोकांनी दिले. तुरुंगात घरगुती यंत्र, एकच सुई आणि काळी शाई एवढेच हाताशी होते. १९७५ साली पूर्व लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या ‘गुड टाइम चार्लीज टॅटूलँड’ या दुकानातून ही पद्धत सर्वांपुढे आली. रिअ‍ॅलिझम म्हणजे फोटोसारखा चेहरा काढणारी शैलीही बहुतेकदा याच करड्या छटांवर उभी असते. आई-वडिलांचा किंवा शिवछत्रपतींचा चेहरा काढून घ्यायचा असेल तर तयारीचा मोठा भाग संदर्भचित्रात आहे. आधार कार्डावरचा सपाट उजेडातला फोटो उपयोगाचा नाही. एका बाजूने प्रकाश पडलेला, डोळे स्पष्ट असलेला मोठा फोटो शोधावा. चेहरा तळहाताहून लहान काढू नये, नाहीतर काही वर्षांत पापण्या आणि बुबुळे एकमेकांत मिसळतात.

साताऱ्यात सर्वाधिक मागणी अक्षरांना आणि राजमुद्रेला दिसते, म्हणून इथे थोडे थांबले पाहिजे. शाई कातडीच्या दुसऱ्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल, बसते. तिथल्या पेशी तिचे कण धरून ठेवतात आणि वर्षानुवर्षे रेषा थोडी थोडी रुंदावत जाते. रोमन अक्षरांपेक्षा देवनागरीला याचा फटका अधिक बसतो, कारण शिरोरेषा, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे थोड्या जागेत दाटीने बसलेली असतात. ‘श्री’ हे अक्षर नखाएवढे काढले तर ‘श’ची गाठ आधी बुजते आणि मग वेलांटीची पोकळी. राजमुद्रेच्या अष्टकोनात अनुष्टुभ छंदाची ३२ अक्षरे आहेत, त्यांत ‘वर्धिष्णुर्विश्ववंदिता’ या एकाच शब्दसमूहात दोन रफार. एवढा मजकूर दोन इंचांत कोरून घेणे म्हणजे तो हळूहळू पुसण्याची सोय करणे होय. किमान चार इंच रुंदी द्यावी, आणि तेवढी जागा नसेल तर संपूर्ण मुद्रेचा मोह सोडून एकच चरण घ्यावा. शुद्धलेखन तर डोळ्यांत तेल घालून तपासावे. ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ हा पहिला शब्द ‘प्रतिपश्चंद्र’ असा चुकीचा लिहिलेला गाडीच्या काचांवर सर्रास दिसतो, आणि तीच प्रतिमा मोबाइलमधून हातावर उतरते. मजकूर स्वतः टंकून, छापून, दोन जाणकारांकडून वाचून घ्यावा. मोडी लिपीत नाव हवे असेल तर ते मोडी वाचणाऱ्याकडूनच लिहून घ्यावे, कारण संगणकावर अक्षरे बदलून मिळालेली मोडी बऱ्याचदा सदोष असते. शस्त्रांची चित्रे हवी असणाऱ्यांनी शहरातील छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात जाऊन खऱ्या तलवारीची मूठ आणि पात्याचा बाक पाहावा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आलेली वाघनखे २०२४ साली इथेच मांडली गेली होती. मूळ वस्तू पाहिलेल्या डोळ्यांना बाजारू चित्रातील चुका लगेच कळतात.

रंगांचा प्रश्न आपल्या वर्णाशी जोडलेला आहे. शाई रंगद्रव्याच्या थराखाली असते, त्यामुळे आपण प्रत्येक रंग आपल्या कातडीच्या गव्हाळ किंवा सावळ्या पडद्यातून पाहतो. काळा, गडद लाल आणि गडद निळा उठून दिसतात. फिका गुलाबी, पांढरा आणि हलका पिवळा पार दबतात. म्हणूनच बाह्यरेषेशिवाय रंग ओघळल्यासारखी दिसणारी वॉटरकलर शैली परदेशी फोटोंत मोहक दिसली तरी आपल्या हातावर तशी उतरत नाही, शिवाय रेषेचा आधार नसल्याने ती लवकर विरते. कास पठारावरच्या फुलांचे टॅटू हल्ली अनेकींना हवे असतात, आणि विषय म्हणून ते सुंदरच आहेत. पण नुसत्या रंगात काढलेली पिवळी सोनकी सावळ्या हातावर काही काळाने दिसेनाशी होईल. तीच काळ्या रेषेत बांधून आत गडद पिवळा भरला तर टिकेल. सीतेची आसवे मुळातच निळी-जांभळी असल्याने सोपी जातात. भाजल्या-कापल्याचे व्रण ज्यांच्या अंगावर फुगून वर येतात त्यांनी आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे, आणि लाल रंग घेण्यापूर्वी कातडीच्या छोट्या भागावर तो तपासून घ्यावा, कारण अ‍ॅलर्जीच्या तक्रारी लाल रंगाच्याच अधिक येतात. टॅटू पुढे लेझरने काढावा लागला तर काळा रंग तुलनेने सहज जातो. पिवळा आणि हिरवा चिवटपणे राहतात.

नव्या शैलींत निओ-ट्रॅडिशनलमध्ये जुनीच जाड रेषा पण अधिक रंगछटा असतात, न्यू स्कूल व्यंगचित्राकडे झुकते, आणि जर्मनीतील व्युर्झबर्गच्या सिमोन फाफ व फोल्कर मेर्श्की यांनी घडवलेल्या ट्रॅश पोल्कात लाल-काळे फटकारे, छायाचित्र आणि अक्षरे एकत्र येतात.

शैली ठरली की त्या शैलीचा माणूस शोधावा. उत्तम अक्षरे काढणारा उत्तम चेहरा काढेलच असे नाही, आणि हे त्याला स्पष्ट विचारण्यात संकोच नको. ताज्या टॅटूचे चकचकीत फोटो सगळ्यांकडे असतात. आपण एक-दोन वर्षांपूर्वी केलेल्या, पूर्ण भरून आलेल्या कामाचे फोटो मागावेत. मनासारखा कलाकार जवळ नसेल तर पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आतच आहे, तिथे जावे. स्टुडिओत सुईचे सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडले जाते का, त्यावरची मुदत संपलेली नाही ना, शाई छोट्या टोपणात वेगळी ओतून घेतात का, हातमोजे फोन उचलल्यावर बदलतात का, हे पाहावे. कावीळ ब प्रतिबंधक लशीच्या तीन मात्रा पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. ती घेतलेली नसेल तर तयारीची सुरुवात तिथूनच करावी.

तारीखही विचार करून घ्यावी. वरची कातडी भरून यायला दोन ते तीन आठवडे लागतात, मोठ्या भरीव कामाला अधिक. त्या काळात विहिरीत किंवा संगम माहुलीला नदीत पोहणे बंद, आणि तालमीतल्या पैलवानांनी महिनाभर लाल मातीपासून दूर राहावे. उसाच्या फडात काम असेल तर पात्याचे कापे आणि धूळ टाळता येत नाही, म्हणून तोडणीचे दिवस सोडावेत. घरात लग्न असेल तर हळदीचा दिवस मोजून पुढे-मागे करावा. जखमेवर हळद चांगली ही समजूत कितीही जुनी असली तरी ताज्या टॅटूवर ती लावू नये.

आदल्या दिवशी मद्य घेऊ नये आणि झोप पुरी घ्यावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारावे. जाण्यापूर्वी पोटभर जेवावे, सैल सुती कपडे घालावेत, पाण्याची बाटली बरोबर घ्यावी आणि परतताना दुचाकी चालवायला कोणालातरी सोबत न्यावे. घरी आल्यावर सौम्य साबणाने धुऊन, टिपून, सांगितलेले मलम अगदी पातळ लावावे. खपली ओढू नये, तिच्याबरोबर शाईही निघते. लाली पसरत गेली, पू आला किंवा ताप चढला तर स्टुडिओला फोन करत न बसता डॉक्टरांकडे जावे. सहा आठवड्यांनी टॅटू उजेडात नीट पाहावा आणि कुठे रेषा तुटली किंवा रंग उडाला असेल तर त्याच कलाकाराकडून तेवढाच भाग पुन्हा भरून घ्यावा. त्याचे वेगळे पैसे लागतील का, हे मात्र पहिल्याच भेटीत विचारून ठेवलेले असावे.